नोकरी सांभाळून बीम बेंडिंग शिकताना

एनपीटेलच्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या (लोडखाली वस्तूच्या आत किती ताण येतो, ती किती वाकते तो विषय) ऑनलाइन कोर्सचा निकाल लागला, सर्टिफिकेटही डाउनलोड करून ठेवलं, आता सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते. मी भोसरीत एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत डिझाइनला आहे, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमला हा विषय होता, पास पण झाले होते, पण तेव्हा सूत्रं पाठ करून गणितं सोडवली होती आणि बीम म्हणजे तुळई वाकते तेव्हा आत नेमकं काय होतं हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्यासारखे डिप्लोमा करून कामाला लागलेले पुष्कळ जण आहेत, त्यांना परत या विषयाकडे वळायचं असेल तर कुठे काय लागतं, किती खर्च, कुठे अडायला होतं हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी सरकारी भाग सांगते. एनपीटेल आयआयटी आणि आयआयएससी मिळून चालवतात, कोर्सला नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, व्हिडिओ फुकट, असाइनमेंट फुकट. पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर, एक हजार रुपये. वर्षात दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै. विषयाचं नाव दर सत्राला थोडं बदलतं, कधी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स कधी मेकॅनिक्स ऑफ सॉलिड्स, म्हणून नावावर न जाता आठवड्यांचा आराखडा उघडून बघा, त्यात शिअर फोर्स (बीमला आडवं कापू बघणारं बल), बेंडिंग मोमेंट (वाकवू बघणारा जोर), बेंडिंग स्ट्रेस (वाकल्यानं आत येणारा ताण) आणि डिफ्लेक्शन (झोळ) हे चारही असले की आपलं काम झालं. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. माझं ओळखपत्रावर लग्नानंतरचं नाव आहे आणि डिप्लोमाच्या मार्कशीटवर माहेरचं, मी ओळखपत्रावरचं टाकलं कारण परीक्षेला तेच दाखवायचं असतं.

बारा आठवड्यांचा कोर्स, जानेवारीच्या शेवटाकडे सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या अर्ध्या तासाचे काही व्हिडिओ आणि एक असाइनमेंट, तिला शेवटची तारीख असते. बारापैकी सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात आणि त्यांचे २५ मार्क, परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हे दोन्ही वेगवेगळे लागतात. मार्चमध्ये शिफ्टची गडबड होती तेव्हा आठचाच नियम आहे हे माहीत असल्यामुळे जीव भांड्यात पडला, एखादी राहून गेली तर चालतं.

पहिले दोन आठवडे साधे स्ट्रेस-स्ट्रेन, ते पटकन झाले. मग शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट डायग्रॅम. इथे बऱ्याच जणांचा पाय घसरतो तो चिन्हांमुळे, म्हणजे प्लस कुठलं मायनस कुठलं. अप्पा बळवंत चौकातून एक जुनं पुस्तक आणलं होतं, त्यातली पद्धत एक आणि व्हिडिओतली दुसरी, दोन दिवस नुसता गोंधळ. शेवटी सवय लावून घेतली की आकडेमोडीला हात लावायच्या आधी तो बीम वाकल्यावर कसा दिसेल ते हाताने कच्चं काढायचं. दोन टेकूंवर ठेवलेला असेल तर मध्ये झोळ येणार म्हणजे सॅगिंग, खालची बाजू ताणली जाणार. भिंतीतून बाहेर आलेला असेल तर टोक खाली जाणार म्हणजे हॉगिंग, वरची बाजू ताणली जाणार. ओव्हरहँग असेल तर अर्धा असा अर्धा तसा, आणि जिथे बाक पालटतो तिथे मोमेंट शून्य. हे चित्र काढलेलं असलं की पुस्तकाचं चिन्ह कुठलंही असो, उत्तर बरोबर की चूक ते दिसतं. आता ऑफिसातही मी आधी तेच चित्र काढते.

आणि एक गोष्ट, जी डिप्लोमाला आम्हाला सांगितली असेलही पण माझ्यापर्यंत पोचली नव्हती. लोडची बेरीज करत गेलं की शिअर मिळतो, शिअरची बेरीज करत गेलं की मोमेंट, मोमेंटला ईआयनं (ई म्हणजे मटेरियलचा ताठपणा, आय म्हणजे छेदाच्या आकाराचा मोमेंट ऑफ इनर्शिया) भागलं की बाक, बाकाची बेरीज करत गेलं की स्लोप म्हणजे तिरकेपणा, स्लोपची बेरीज केली की डिफ्लेक्शन. एकच साखळी आहे. मी इतकी वर्षं हे पाच वेगळे धडे समजत होते आणि प्रत्येकाची सूत्रं वेगळी पाठ. साखळी दिसल्यावर त्या रात्री झोप लागेना इतका आनंद झाला, खरं सांगते.

चौथा-पाचवा आठवडा बेंडिंग स्ट्रेसचा. एम बाय आय बरोबर सिग्मा बाय वाय बरोबर ई बाय आर (एम मोमेंट, सिग्मा स्ट्रेस, वाय मधल्या रेघेपासूनचं अंतर, आर बाकाची त्रिज्या), हे मेकॅनिकलवाल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. पण ते येतं कुठून हे समजून घ्यायला मी पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा एक तुकडा घेतला, साधारण वीतभर लांब आणि दोन बोटं जाड, त्याच्या बाजूवर मार्करनं उभ्या रेघा मारल्या सारख्या अंतरावर आणि मधोमध एक आडवी रेघ. मग दोन्ही टोकं धरून वाकवला. उभ्या रेघा वाकड्या होत नाहीत, सरळच राहतात, फक्त तिरक्या होतात. वर त्या एकमेकींजवळ येतात, खाली लांब जातात आणि मधल्या आडव्या रेघेवर अंतर होतं तेवढंच राहतं. झालं, तो न्यूट्रल अॅक्सिस. रेघा सरळ राहिल्या म्हणून मधल्या रेघेपासून जेवढं लांब तेवढा ताण जास्त, दुप्पट लांब तर दुप्पट, म्हणून सिग्मा बाय वाय. सगळं सूत्र त्या सरळ राहणाऱ्या रेघांमधून निघतं. माझ्या लेकीनं तो तुकडा नंतर बरेच दिवस वाकवून वाकवून बघितला.

मधल्या भागातलं मटेरियल जवळजवळ काही काम करत नाही हेही त्या फोमवर दिसतं, आणि मग आय-बीमचा आकार तसा का हे वेगळं सांगावं लागत नाही. स्टील टेबलमध्ये आयएसएमबी २०० (२०० मिमी खोलीचा आय-बीम) बघा, उभा ठेवला तर मोमेंट ऑफ इनर्शिया २२३५ सेंमी घात चार आणि आडवा पाडला तर फक्त १५०. तोच बीम, तेच वजन, तेच पैसे, आणि पंधरापट फरक.

या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा धीर आला. गॅलिलिओनं १६३८ मध्ये भिंतीत रोवलेल्या तुळईचा प्रश्न मांडला होता. खोलीच्या वर्गाप्रमाणे ताकद वाढते हे त्याचं बरोबर होतं, पण त्यानं धरलं की तुळई खालच्या कडेवर बिजागरीसारखी फिरते आणि अख्खा छेद सारखाच ताणला जातो, त्यामुळे ताकद येते त्यापेक्षा तिप्पट निघत होती. न्यूट्रल अॅक्सिस कुठे हे नीट लागायला आणि आज आपण वापरतो ती मांडणी व्हायला नेव्हिएपर्यंत म्हणजे १८२६ पर्यंत वाट बघावी लागली, मध्ये बर्नूली, ऑयलर, कुलोम अशी मोठी मोठी माणसं येऊन गेली. जवळजवळ दोनशे वर्षं लागलेली गोष्ट दोन आठवड्यांत डोक्यात शिरत नसेल तर घाबरायचं काही कारण नाही, इतकंच मी स्वतःला सांगत होते.

फेब्रुवारीत परीक्षेची नोंदणी उघडली. यूपीआयनं हजार रुपये भरले, शहर म्हणून पुणे दिलं. फॉर्मला फोटो आणि सही अपलोड करावी लागते, फाइलचा साइज ठरावीक लागतो, तो आधीच कमी करून ठेवा म्हणजे शेवटच्या दिवशी धावपळ नको. अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना फी निम्मी असते, त्यासाठी दाखला जोडावा लागतो, तो स्कॅन करून तयार असू द्या.

मग आला डिफ्लेक्शनचा भाग आणि तिथे मी अडकले. दोन वेळा इंटिग्रेशन, दोन कॉन्स्टंट, आणि ते कॉन्स्टंट काढायचे कसे. इंटिग्रेशन शाळेनंतर हातातून गेलेलं. व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचे, स्वयंपाक आवरल्यावर दहाच्या पुढे बसायचे, कधी कधी पेन हातात तसंच आणि डोळे मिटलेले. रडूही आलं एकदोनदा. सुटका झाली ती प्रत्येक बाउंड्री कंडिशन, म्हणजे बीम कुठे कसा धरलाय ती अट, आधी मराठीत वाक्य म्हणून लिहायला लागल्यावर. "टेकूवर बीम खाली जाऊ शकत नाही" म्हणजे तिथे वाय (इथे वाय म्हणजे झोळ) शून्य. "भिंतीत रोवलेलं टोक खालीही जात नाही आणि वळतही नाही" म्हणजे वाय शून्य आणि स्लोपही शून्य. "लोड बरोबर मध्यावर आहे, दोन्ही बाजू सारख्या" म्हणजे मध्यावर स्लोप शून्य. वाक्य लिहिलं की समीकरण त्याच्या मागून येतं. लोड बरेच असतील तर मॅकॉलेची पद्धत शिका, १९१९ ची आहे, एकच समीकरण अख्ख्या बीमला चालतं, कंसातली किंमत ऋण आली की तो कंस सरळ सोडून द्यायचा. प्रत्येक तुकड्याचं वेगळं समीकरण लिहीत बसण्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत.

युनिटचं पण इथेच सांगते. सगळं न्यूटन आणि मिमीमध्ये ठेवा, मग ई स्टीलसाठी २,००,००० आणि स्ट्रेस थेट एमपीएमध्ये येतो. स्टील टेबलमध्ये आय सेंमीत असतो, त्याला दहा हजारानं गुणायला लागतं. भिंतीवर कागद चिकटवून ठेवला होता मी.

गणितं सुटायला लागली तरी मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर शॉपमध्ये भंगारातून २५ बाय ५ मिमीची एमएसची, म्हणजे साध्या स्टीलची, पट्टी काढली, बेंच व्हाइसमध्ये आवळली, जबड्यापासून ५०० मिमीवर खूण केली आणि तिथे तारेच्या हुकानं एक किलोचं वजन टांगायचं ठरवलं. आमचे फिटर काका बघत होते, तीसेक वर्षं याच कामात आहेत.

"ताई, हे कशाला?"

"काका, किती वाकते ते आधी कागदावर काढलंय, आता बघायचंय."

"किती निघालंय?"

"सात पॉइंट पंच्याऐंशी."

पी एल क्यूब बाय थ्री ईआय (पी लोड, एल लांबी), आय निघतो २६० मिमी घात चार, उत्तर ७.८५ मिमी. वजन टांगलं, टोकाशी मोजायची स्टीलची फूटपट्टी उभी धरून मोजलं, वजन टांगायच्या आधी आणि नंतर, कारण पट्टी स्वतःच्या वजनानंही थोडी झुकलेली असतेच, फरक तेवढा घ्यायचा. फरक आला नऊच्या आसपास. परत मोजलं, तेच. मी सूत्र तपासत होते तोवर काकांनी खिशातून व्हर्निअर काढून पट्टीची जाडी मोजली, "चार पॉइंट आठ आहे हो ताई, पाच कुठली भंगारात." ४.८ घालून केलं तर ८.८७. जाडीत फक्त ०.२ मिमीचा फरक, चारच टक्के, पण जाडीचा घन असतो ना, त्यामुळे वाकणं तेरा टक्क्यांनी वाढलं. पुस्तकात डी क्यूब (डी म्हणजे खोली, इथे जाडी) शंभर वेळा लिहिलं होतं मी, पण त्या दुपारी ते खऱ्या अर्थानं कळलं.

मग तीच पट्टी उभी, म्हणजे २५ ची बाजू वर-खाली ठेवून, आवळली. आता टोक इतकं कमी हलतं की डोळ्यांना दिसतच नाही, क्यूसीतून डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड मागून आणला. हिशोब ०.३३ मिमी, डायल दाखवत होता त्याच्या जरासं वर, कारण व्हाइसचा जबडा काही खरा भिंतीसारखा पक्का नसतो, तोही थोडा देतो. परत आडवी करून लांबी निम्मी केली, २५० मिमी, तर वाकणं आठपट कमी, एक मिमीच्या जरा वर. वजन काढलं की प्रत्येक वेळी टोक जागेवर परत, कारण आतला ताण आडव्या पट्टीतही ५१ एमपीए होता आणि साध्या स्टीलचं यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा, २५० च्या घरात. काका म्हणाले, "उभं ठेवायचं हे आम्हाला हाताला माहीत असतं, पण किती पट ते कुणी सांगितलं नव्हतं." त्यांना मी वहीत सगळं काढून दाखवलं, तो कागद ते घडी करून घेऊन गेले.

त्यांच्याशी बोलताना निघालेला एक मुद्दा इथे मुद्दाम लिहिते कारण शॉपमध्ये हा समज फार आहे. बीम वाकतोय म्हणून "भारी मटेरियल लावा, ईएन-८ लावा" म्हणतात. ईएन-८ ची ताकद जास्त आहे, म्हणजे ते कायमचं वाकायला जास्त लोड लागेल, पण तेवढ्याच लोडला झोळ येणार तेवढाच, कारण ई सगळ्या स्टीलचा जवळपास सारखा, दोन लाखाच्या आसपास. झोळ कमी करायचा तर खोली वाढवा किंवा स्पॅन कमी करा, स्टीलची ग्रेड बदलून पैसे जातील आणि झोळ तसाच राहील. अॅल्युमिनियम घेतलं तर उलट, ई सत्तर हजाराच्या आसपास, म्हणजे त्याच आकाराला जवळजवळ तिप्पट वाकणार.

नंतरचे आठवडे टॉर्शन, कॉलम, प्रिन्सिपल स्ट्रेस, ते केले पण त्याबद्दल इथे लिहीत नाही.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या थोडे दिवस आधी हॉल तिकीट आलं. सेंटर पुण्यातच एका कॉलेजमध्ये, शनिवारी सकाळची बॅच, तीन तास. मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून जाऊ नका. मोबाइल, बॅग बाहेर ठेवायला लागते. परीक्षा कॉम्प्युटरवर, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच, माऊसनं एकेक आकडा दाबायचा, त्याला वेळ जातो. म्हणून घरी आठवडाभर तरी गणितं तशीच स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर करा, हातातल्या कॅल्क्युलेटरची सवय तिथे उपयोगाची नाही. कच्च्या कामाला कागद मिळाला. माझ्या शेजारी सगळी कॉलेजची मुलं होती, सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखं झालं, मग पहिलाच बीम दिसला, कागदावर त्याचं वाकलेलं चित्र काढलं आणि हात चालायला लागला. दोन गणितांत तर पर्यायांमधले चिन्हानं चुकीचे दोन त्या चित्रावरूनच बाद झाले.

निकालाला काही आठवडे लागले. रोज पोर्टल उघडून बघू नका, ईमेल येतो. सर्टिफिकेट पीडीएफ असतं, त्यावर असाइनमेंटचे आणि परीक्षेचे मार्क वेगळे छापलेले असतात. कंपनीत ते एचआरला दिलं, फाइलला लागलं, पगारावर लगेच काही फरक नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

कामात मात्र लगेच उपयोग झाला. एका ग्राहकाकडे एक टनी चेन ब्लॉकसाठी मोनोरेल (वजन उचलायचा चेन ब्लॉक ज्यावरून सरकतो तो बीम) आहे, आयएसएमबी २००, स्पॅन तीन मीटर, आणि त्यांना मधला एक कॉलम काढून स्पॅन पाच मीटर करायचा होता, बीम तोच ठेवून. आधी मी असं काम सरळ कन्सल्टंटकडे पाठवून मोकळी झाले असते. या वेळी आधी स्वतः केलं. मध्यावर एक टन, तीन मीटरला झोळ १.२३ मिमी, पाच मीटरला ५.७. स्पॅन दीडपटीपेक्षा थोडा जास्त आणि झोळ साडेचारपट. स्ट्रेस ३३ वरून ५५ एमपीए, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. आयएस ८०० मध्ये (स्टीलच्या बांधकामाचं भारतीय मानक) गँट्रीसाठी, म्हणजे वजन उचलणारं यंत्र ज्यावर चालतं त्या बीमसाठी, हातानं चालवायचं असेल तर एल बाय ५०० (स्पॅन भागिले ५००) म्हणजे १० मिमी चालतात, इलेक्ट्रिकला एल बाय ७५० म्हणजे ६.६७. हाताच्या चेन ब्लॉकला बसतं, पण उद्या त्यांनी इलेक्ट्रिक होइस्ट बसवला तर त्याचं स्वतःचं वजन धरून अगदी मर्यादेला टेकतं. हे सगळं एका पानावर लिहून साहेबांना दिलं. साहेबांनी ग्राहकाला फोन करून पुढे इलेक्ट्रिक करणार का ते विचारलं, ते म्हणाले वर्षभरात करू, मग आयएसएमबी २५० चा कोट गेला. बीम बाजूला कलंडण्याचा आणि खालच्या फ्लँजवर ट्रॉलीच्या चाकांचा लोड हे दोन्ही अजून मला येत नाहीत, त्यामुळे ड्रॉइंग कन्सल्टंटकडे गेलंच, सही त्यांचीच लागते आणि तेच बरोबर आहे.

एकूण खर्च म्हणाल तर परीक्षेचे हजार, जुनं पुस्तक अडीचशेला, वह्या, आणि परीक्षेच्या दिवशीचं रिक्षाभाडं. वेळ मात्र लागतो, आठवड्याला सहा-सात तास काढता येणार असतील तरच बसा, डिफ्लेक्शनच्या आठवड्यात त्याहून जास्त, आणि जमल्यास तो आठवडा घरी लग्नकार्य, पाहुणे काही नाही ना ते बघून आधीच मोकळा ठेवा. जुलैच्या सत्राची नोंदणी सुरू होईल, आधीच्या सत्रांचे व्हिडिओ तोवर फुकट बघायला मिळतात, इंटिग्रेशन विसरलेलं असेल तर बारावीचं गणिताचं पुस्तक आधी काढा. कुणाला सुरुवात करायची असेल आणि पट्टीचा प्रयोग करायचा असेल तर वजन टांगायच्या आधी जाडी व्हर्निअरनं तीन ठिकाणी मोजून घ्या.